ठराव क्रमांक सात : दीक्षाच्या वेळापत्रकाबाबत

वॉटफर्ड, इंग्लंड,
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

आज सकाळी साडेसहाला उठलो. आठ चाळीसच्या गाडीत दीक्षाला बसवून दिलं. सामान : एक मोठी सुटकेस, पाठीवरची बॅग, उशी आणि लहान कुकर. ती आजपासून युनिव्हर्सिटीच्या हॉलमध्ये राहणार. (इथे हॉस्टेलला हॉल म्हणतात. खोलीचा फोटो पाहिला. हॉल म्हणण्यासारखं त्यात काही नाही.) सव्वानऊला घरी परत आलो. वंदनेला गेलो नाही. दुपारी भात खाल्ला. आता चार वाजले आहेत.

आदरणीय दादासाहेब यांस संजयचा सविनय जय भीम.

तुमची आणि वहिनींची तब्येत बरी असेल अशी आशा करतो. दोन तारखेला दीक्षाभूमीला गर्दीत जाऊ नका, असं मी फोनवर सुचवलं होतं. तुम्ही गेलात आणि संध्याकाळी रस्त्याकडेच्या कठड्यावर बसून काढलेला फोटो पाठवलात, त्यावरून गुडघ्यांचं काय झालं ते समजलं. डॉक्टरांनी दिलेला पट्टा गुडघ्याला बांधायचा असतो. फोटोत तो तुमच्या हातात आहे.

दर रविवारी फोन होतो, मग पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. मला फोनवर बोलता येत नाही हे तुम्ही बावीस वर्षं बघताय. शिवाय तुम्ही फोन स्पीकरवर ठेवता. मी हॅलो म्हटलं की मागून चार जण एकदम विचारतात, जावईबापू, जेवले का. मी हो म्हणतो आणि फोन दीक्षाकडे जातो. पूर्वी तो कल्याणीकडे जायचा. मला जे सांगायचं आहे ते स्पीकरवर सांगण्यासारखं नाही आणि तुम्ही कल्याणीचे सख्खे मोठे भाऊ, म्हणून कागदावर सांगतो.

विषय दीक्षाच्या पहिल्या सेमिस्टरच्या वेळापत्रकाचा आहे. ऐकायला अगदी किरकोळ वाटतो. मलाही तसाच वाटला होता. तिला डॉक्टर व्हायचं आहे हे तुम्हाला माहीत आहे. अकराव्या वर्षी तिने तुमचा बी.पी. खेळण्यातल्या यंत्राने मोजून तुम्हाला ॲडमिट व्हायला सांगितलं होतं. इथे बारावीच्या जागी ए-लेव्हलची परीक्षा असते. मेडिकलच्या प्रवेशासाठी तिला तीन विषयांत ए हवे होते. कल्याणी मार्चमध्ये गेली, परीक्षा मेमध्ये होती. दोन ए आले आणि केमिस्ट्रीत बी आला. हे सगळं तुम्हाला कळवलं होतं. एक गोष्ट कळवली नव्हती. परीक्षेआधी शाळेतून मला फोन आला होता, की घरात मृत्यू झाला असेल तर परीक्षा मंडळाला तसं लिहून पाठवता येतं, ते विचार करतात, आम्ही पाठवू का. मी म्हणालो, त्याची गरज नाही. आपल्या घरातल्या दुःखावर मार्क मागायचे नाहीत असं मला त्या वेळी वाटलं. ते दुःख माझं होतं तितकंच तिचंही होतं, आणि मार्क तर सगळेच तिचे होते, हे मला फोन ठेवल्यावर सुचलं. परत फोन केला नाही.

तर मेडिकलची जागा गेली आणि तिला मिडलंड्समधल्या एका युनिव्हर्सिटीत बायोमेडिकल सायन्सला प्रवेश मिळाला. तिथे एक दार उघडं आहे. पहिल्या वर्षात जे पहिले आठ येतात त्यांना मेडिसिनच्या मुलाखतीला बोलावतात. अट एकच. पहिल्या सेमिस्टरला ऐच्छिक विषय केमिस्ट्री असला पाहिजे. ही अट माहितीपुस्तकाच्या तेविसाव्या पानावर आहे. मी पुस्तक बाविसाव्या पानापर्यंत फार काळजीपूर्वक वाचलं होतं, कारण बाविसाव्या पानावर वेळापत्रक होतं.

वेळापत्रक दिसलं की मला राहवत नाही. अकरा वर्षं कौन्सिलमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, मी शाळेच्या बसचे मार्ग आखतो. बत्तीस बसगाड्या आहेत. कोणतं मूल कोणत्या कोपऱ्यावर किती वाजता उभं असेल हे मला पाठ आहे. (त्या मुलाला तिथे उभं राहायचं आहे का, असा रकाना आमच्या फॉर्ममध्ये नाही.) दीक्षाचे तीन विषय सक्तीचे होते आणि चौथा पाचांतून निवडायचा होता. प्रत्येक विषयाचे दोन-तीन गट, प्रत्येक गटाची वेळ निराळी. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मोठा कागद पसरला आणि रंगीत पेन्सिली घेतल्या. मार्चनंतर पहिल्यांदा मला भूक लागली, हे कबूल करतो. सक्तीचे तिन्ही विषय मंगळवार ते गुरुवार या तीन दिवसांत बसत होते. वॉटफर्ड जंक्शनहून तिथे गाडीने एक तास दहा मिनिटं. म्हणजे आठवड्यातून तीनदा जाऊन-येऊन मुलगी घरी राहू शकत होती. फक्त चौथा विषय त्या तीन दिवसांत बसणारा हवा. न्यूट्रिशन, म्हणजे पोषणशास्त्र, बुधवारी होता. केमिस्ट्री सोमवारी सकाळी नऊला आणि तिचं प्रॅक्टिकल शुक्रवारी दुपारी.

सप्टेंबरमधल्या एका शनिवारी दीक्षाने मला एक चिठ्ठी दिली. निवड ऑनलाइन करायची होती, पोर्टल सोमवारी सकाळी दहाला उघडणार होतं, जो आधी दाबेल त्याला जागा. ती त्या वेळी केअर होममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, कामावर असणार होती. चिठ्ठीत पासवर्ड होता आणि खाली दोन ओळी : एक, केमिस्ट्री. दोन, न्यूट्रिशन. ती म्हणाली, "बाबा, पहिला बघा. नसला तरच दुसरा." मी चिठ्ठी खिशात ठेवली. का, हे मी विचारलं नाही. आमच्याकडे एकमेकांना का विचारायची पद्धत नाही. चौकशीची खिडकी कल्याणीकडे होती.

दुसऱ्या दिवशी रविवारी मंडळाची वंदना होती. तुम्हाला आमच्या मंडळाची कल्पना यावी म्हणून थोडं सांगतो. स्काऊटचा हॉल महिन्यातून एकदा मिळतो. वंदना, भोजन आणि नंतर कार्यकारिणीची बैठक. अध्यक्ष लीलावतीताई, वय शहात्तर, हॉस्पिटलात वॉर्ड सिस्टर होत्या आणि अजून आम्हाला पेशंट समजतात. उपाध्यक्ष मुरलीधर, सॉफ्टवेअरमध्ये आहे. मागच्या सहलीला पोळ्या किती लागतील ह्याची त्याने स्प्रेडशीट केली होती. पोळ्या कमी पडल्या, पण का कमी पडल्या ह्याची दुसरी स्प्रेडशीट त्याने त्याच संध्याकाळी पाठवली. नीना एका दातांच्या डॉक्टरांकडे रिसेप्शनवर आहे, म्हणून मंडळातले सगळे वैद्यकीय प्रश्न तिच्याकडे जातात. आणखी दोन सभासद आहेत, ते बाजूने मत देतात. मी सचिव. इतिवृत्त लिहितो.

त्या दिवशी विषयपत्रिकेवर मागील इतिवृत्त, धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम आणि बंद पडलेला मायक्रोफोन असे तीन विषय होते. ते वीस मिनिटांत संपले, हे मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदाच झालं आणि तेच नडलं. हॉल चारपर्यंत आपला होता आणि वाजले होते तीन. लीलावतीताई म्हणाल्या, "संजय, पोरीचं कुठवर आलं?" मी म्हणालो, उद्या विषय निवडायचे आहेत. "मग आजच घेऊन टाक. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय. परवानगी दिली."

मी माझा रंगीत कागद दाखवला. चिठ्ठी दाखवली नाही. मुरलीधरने लॅपटॉप उघडला आणि पाचही विषयांना प्रवास, उपयुक्तता आणि ताण असे गुण द्यायला सुरुवात केली. "संजयभाऊ, आपण इमोशनली नाही बघायचं. डेटा बोलू दे." लीलावतीताई म्हणाल्या, "बोलू दे की. पण अध्यक्षांकडे बघून बोलू दे." नीनाचं म्हणणं, न्यूट्रिशनच घ्यावं, "पोरगी बघा किती वाळली, तिचं तिला तरी कळेल काय खायचं ते." सोमवारबद्दल लीलावतीताईंनी सांगितलं, की त्यांच्या चौतीस वर्षांच्या नोकरीत सोमवारी सकाळी कुठलाही डॉक्टर माणसात नसायचा, तेव्हा सोमवार नकोच. शुक्रवारचा प्रश्न अधिक गंभीर निघाला. धम्मचक्र दिनाच्या कार्यक्रमात (इथे तो हॉल मिळेल तेव्हा, यंदा नोव्हेंबरमध्ये आहे) लहान मुलं संविधानाची उद्देशिका म्हणतात आणि ती तयारी दीक्षा दर शुक्रवारी संध्याकाळी करून घेते. शुक्रवारी प्रॅक्टिकल घेतलं तर न्याय, स्वातंत्र्य, समता ह्यांच्या तालमीचं काय, असं एका सभासदाने विचारलं. सगळे विचारात पडले.

ह्या वेळी दीक्षा हॉलच्या स्वयंपाकघरात होती. मधल्या भिंतीत चहा द्यायची खिडकी आहे. ती कप विसळत होती. लीलावतीताईंनी हाक मारून सांगितलं, "दीक्षा, ती खिडकी लावून घे गं, पाण्याचा आवाज येतोय, इकडे तुझंच चाललंय." तिने खिडकी लावली. तिला आत बोलवावं असं कोणाला वाटलं नाही, कारण ती सभासद नव्हती. ऑगस्टमध्ये अठरा पूर्ण झाल्यावर तिने सभासदत्वाचा अर्ज दिला होता. तो सचिवांकडे प्रलंबित होता.

ठराव क्रमांक सात मी स्वतः लिहिला, तो असा : "कु. दीक्षा हिचे पहिल्या सेमिस्टरचे वर्ग मंगळवार ते गुरुवार असावेत, सोमवार व शुक्रवार मोकळे ठेवावेत आणि ऐच्छिक विषय न्यूट्रिशन घ्यावा. सूचक, नीना. अनुमोदक, मुरलीधर. बाजूने पाच, विरोधात शून्य, तटस्थ एक." तटस्थ मी. वडील असल्यामुळे मला मत देणं योग्य वाटलं नाही.

दादासाहेब, कल्याणी असती तर हे झालं नसतं. ती कार्यकारिणीवर नव्हती, तरी प्रत्येक बैठकीला येऊन दाराजवळच्या खुर्चीवर विणत बसायची. आणि कुठल्याही ठरावाच्या वेळी मान वर न करता विचारायची, जिच्याबद्दल चाललंय तिला विचारलं का? मग तो विषय पुढच्या बैठकीवर जायचा. लीलावतीताई तिला मंडळाचा ब्रेक म्हणायच्या. त्या दिवशी दाराजवळच्या खुर्चीवर मायक्रोफोनचं खोकं ठेवलेलं होतं.

सोमवारी दहा वाजता पोर्टल उघडलं. केमिस्ट्रीच्या जागा भरलेल्या होत्या. न्यूट्रिशन घेतलं आणि दीक्षाला तसा मेसेज केला. तिने उत्तरात अंगठा पाठवला.

नवा मार्ग सुरू करण्याआधी रिकामी बस फिरवून बघायची, ही आमच्या खात्याची पद्धत आहे. म्हणून वर्ग सुरू होण्याआधीच्या आठवड्यात मी एक दिवस रजा काढून रिकामी बस म्हणून स्वतःच तिथे गेलो. स्टेशनापासून लेक्चरच्या इमारतीपर्यंत किती मिनिटं, पावसात किती, आडोसा कुठे, हे सगळं लिहून घ्यायचं होतं. (जवळचा रस्ता केमिस्ट्रीच्या इमारतीवरून होता. मी लांबच्या रस्त्याने गेलो. एकवीस मिनिटं.) माझ्या ध्यानात आलं नाही ते हे, की तो नव्या मुलांच्या स्वागताचा आठवडा होता. फाटकात जांभळा टी-शर्ट घातलेल्या एका मुलीने मला हसून विचारलं, "फर्स्ट इयर?" नाही म्हटलं असतं तर मग कोण, कशासाठी आलात, हातात घड्याळ का, असं सगळं सांगावं लागलं असतं. मी हो म्हणालो. तिने मला कापडी पिशवी, शिट्टी आणि पिझ्झाचा तुकडा दिला आणि धीर दिला, की वय हा फक्त आकडा आहे. पुढे प्रत्येक टेबलावर कोणीतरी नाव लिहून घेत होतं आणि मला कोणालाच नाही म्हणता आलं नाही. त्यामुळे आज मी बॉलरूम डान्सिंग, वादविवाद आणि गिर्यारोहण अशा तीन मंडळांचा सभासद आहे. (माझा अर्ज कोणीही प्रलंबित ठेवला नाही.) गिर्यारोहणवाले दर बुधवारी ईमेल पाठवतात, की संजय, तू चढायच्या भिंतीवर दिसला नाहीस, सगळं ठीक आहे ना. मी सभ्यपणे उत्तर देतो, की ह्या आठवड्यात जमणार नाही.

एकोणतीस सप्टेंबरला वर्ग सुरू झाले. कागदावर माझा मार्ग निर्दोष होता. पाच वाजता उठणं, सव्वासहाला घर सोडणं, नऊचं लेक्चर, सहाच्या आत घरी. पहिल्या मंगळवारी परतीची गाडी रद्द झाली. दुसरी आली ती मध्येच पाऊण तास उभी राहिली. दीक्षा आठला घरी आली आणि बूट न काढता सोफ्यावर झोपली. बुधवारी न्यूट्रिशनच्या पहिल्या लेक्चरला तिला डुलकी लागली, असं तिनेच सांगितलं. गुरुवारी काही सांगितलं नाही. मी विचारलं, जमतंय ना? ती म्हणाली, हो बाबा. तुम्हाला आमच्या घरातलं संभाषण माहीत आहे. हे बरंच झालं म्हणायचं.

न्यूट्रिशनचा पहिलाच गृहपाठ सोमवारीच ईमेलने आला होता, सात दिवस आपण काय खातो ते लिहून काढणं. तो तिने छापून टेबलावर ठेवला होता आणि मी चहाचा कप ठेवायला जागा करताना वाचला. दुसऱ्याचं वाचू नये हे मला समजतं. पण पहिल्याच ओळीत माझं वरण होतं. मराठीत लिहितो : "सोमवार, रात्री. वरण-भात. मीठ दोनदा घातलेलं. मंगळवार पहाटे. काही नाही. मंगळवार सात पाच, ट्रेनमध्ये. ब्रेडला चटणी. मंगळवार रात्री. भाकरी, आतून ओली. बुधवार रात्री. पुन्हा वरण. मीठ नाही." मार्चपासून स्वयंपाक मी करतो. सात महिने ती मुकाट्याने जेवते आहे आणि मी समजत होतो की मला जमायला लागलं. हे हसण्यासारखं आहे आणि मी थोडा हसलोही. पण शेजारी आणखी एक रकाना होता. तो छापीलच होता, कोणासोबत जेवलात. त्यात तिने सात दिवस लिहिलं होतं : बाबांसोबत (टीव्ही चालू), एकटी, एकटी, एकटी, बाबांसोबत (टीव्ही चालू). सगळं वाचलं नाही. कप हातातच राहिला.

ह्या गुरुवारी तिच्या न्यूट्रिशनच्या बाईंनी तिला लेक्चरनंतर थांबवून घेतलं आणि विचारलं, घरी सगळं ठीक आहे का. दीक्षा त्यांच्याशी चाळीस मिनिटं बोलली. चाळीस मिनिटं, दादासाहेब. आईचं, पहाटेच्या गाडीचं, बी आल्याचं. शेवटी त्या बाईंनी तिला विचारलं, पण तुला स्वतःला काय शिकायचं आहे? पाच सभासद आणि एक तटस्थ मिळून आम्ही हा प्रश्न विचारू शकलो नव्हतो. विषय बदलायची शेवटची तारीख शुक्रवार होती. केमिस्ट्रीत जागा निघाली. हॉलमध्ये कोणी मुलगा घरची आठवण येते म्हणून सोडून गेला होता, त्याची खोली रिकामी होती.

शुक्रवारी जेवताना तिने मला सांगितलं. तिचं मराठी तुम्हाला माहीत आहे. "बाबा, मी केमिस्ट्री चेंज केला. आणि तिकडे रूम पण घेतला. संडेला जाते." मी टीव्ही बंद केला. मग कुठल्या गाडीने, असं विचारलं. पान तेवीस तिने मला तेव्हा उघडून दाखवलं. तिच्याकडे त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ ओढलेली होती. उन्हाळ्यातली रेघ, पुसट झालेली. केमिस्ट्रीला दोन आठवडे उशीर झाला आहे आणि पहिल्या आठांत यायचं आहे. जमेल का, मला माहीत नाही. तिलाही नाही. दोन प्रॅक्टिकल बुडली, ती परत होणार नाहीत, त्यांचे गुण गेले.

मंडळात काल खळबळ झाली. लीलावतीताईंचा फोन आला, "संजय, ठराव सर्वांचा होता. मोडायचा तर विरोधी ठराव आणावा लागतो, असं उठून जाता येत नाही." मी फोन दुसऱ्या कानाला लावला. त्या म्हणाल्या, "नुसता श्वास घेऊ नकोस, ऐकतोयस ना?" मी हो म्हणालो. तासाभराने त्या स्वतः बसने आल्या आणि दीक्षाला लहान कुकर देऊन गेल्या. ठराव मागे घेतलेला नाही. उद्देशिकेची तालीम आता मुरलीधर घेणार आहे. त्याने मुलांना उपस्थितीचा तक्ता पाठवला आहे.

तर असं झालं. चूक कोणा एकाची नाही, असं मुरलीधर म्हणतो. सगळ्यांच्या मनात चांगलंच होतं. जागा भरल्या नसत्या तर हा प्रश्नच आला नसता. माझी काळजी करू नये. मी व्यवस्थित आहे, घर मोठं वाटतं इतकंच. वहिनींना जय भीम सांगावा. पट्टा बांधावा.

तुमचा,
संजय

ता. क. पत्र पुन्हा वाचलं. वर मी लिहिलं आहे की सोमवारी केमिस्ट्रीच्या जागा भरलेल्या होत्या आणि आता निघाल्या. तसं नाही. दहा वाजून दोन मिनिटांनी पोर्टलवर केमिस्ट्रीसमोर अकरा जागा शिल्लक होत्या, हिरव्या अक्षरांत. मी बघत बसलो तेवढ्यात त्या नऊ झाल्या. केमिस्ट्री घेतली तर सोमवार ते शुक्रवार जावं लागणार आणि पाचही दिवस जायचं तर तिला तिथेच राहावं लागणार, एवढं मला कागद-पेन्सिलीशिवाय समजत होतं. अट मला माहीत नव्हती हे खरं आहे. पण तिने एक नंबरवर काय लिहिलं होतं ते माहीत होतं, चिठ्ठी समोर होती. मी न्यूट्रिशनवर दाबलं आणि तिला लिहिलं, फुल झालं. ठराव क्रमांक सात पाठीशी होता म्हणून ते सोपं गेलं. इतिवृत्तात मी तटस्थ आहे. मी तटस्थ नव्हतो. मला ती घरी हवी होती.

ता. क. दोन. तिला हे माहीत आहे. आज प्लॅटफॉर्मवर गाडीला चार मिनिटं होती तेव्हा ती म्हणाली, "बाबा, त्या मॅडमने कॉम्प्युटरवर बघितला. केमिस्ट्रीला जागा होता. पहिल्यापासून होता." आणि सुटकेसकडे बघत राहिली. मी वाकून सुटकेसचं चाक तपासलं आणि म्हणालो, चाक नीट आहे. मग गाडी आली. म्हणून हे पत्र. खरी विनंती अशी, की तुम्ही तिला तुमच्या पद्धतीने सांगावं की बाबा चुकले आणि बाबांना ते समजलं आहे. तुम्ही हेडमास्तर होता, तुम्हाला असं बोलता येतं. माझ्या वतीने सांगावं.

ता. क. तीन. वरची विनंती रद्द समजावी. आमच्या मंडळाच्या घटनेत दुसऱ्याच्या वतीने मत द्यायची सोय नाही आणि ते कलम मीच लिहिलं होतं. शिवाय पत्र पोचायला दहा दिवस लागतील. आत्ता साडेसहाला मीच तिला फोन केला. मागे बराच गोंगाट होता, मुलं हसत होती. मी म्हणालो, दीक्षा, अकरा जागा होत्या. मी मुद्दाम दुसरं दाबलं. तू जाशील म्हणून. मग कुठेतरी दार लावल्याचा आवाज आला आणि गोंगाट थांबला. ती म्हणाली, "आय नो. मी खूप अँग्री होता, बाबा." मी विचारलं, अजून आहेस का. "हो. थोडा. थोडापेक्षा जास्त." मी म्हणालो, बरं. ती म्हणाली, शनिवारी येणार नाही, केमिस्ट्रीचं मागचं सगळं करायचं आहे, त्याच्या पुढच्या शनिवारीही बहुतेक नाही. मी पुन्हा बरं म्हणालो. मग दोघंही फोन धरून राहिलो. तिने ठेवला नाही आणि मीही ठेवला नाही. चार-पाच मिनिटं झाली असतील. शेवटी कोणीतरी तिला हाक मारली.

तेव्हा आता एवढंच मागतो. पत्र पोचल्यानंतरच्या रविवारी तुम्ही तिला फोन कराल तेव्हा, बाबा एकटे पडलेत, येऊन जा, असं म्हणू नका. मागच्या वेळी तुम्ही म्हणाला होतात, मी ऐकलं होतं. मला ते बरं वाटलं होतं. आता म्हणू नका.

उद्या आमच्या गल्लीत कचऱ्याची गाडी येते. एका आठवड्याला निळा डबा नेतात, एका आठवड्याला काळा. हे दीक्षाला पाठ असायचं. मी बाहेर जाऊन शेजाऱ्यांनी कुठला काढलाय ते बघतो आणि तोच आपला काढून ठेवतो.